लागलेली आग, लावलेली आग

या खेपेस आलेल्या पत्रांत आगीबद्दलचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे शब्द पुढच्या अंकावर ढकलले. जपानी आणि चिनी मजकूर मराठीत आणताना ‘वणवा’ हा एकच शब्द जिथेतिथे ठोकून बसवला जातो, त्यातून बहुतेक घोटाळे होतात. उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत. चिनी स्वरांचे चढउतार गाळले आहेत.

प्रश्न : जपानी बातमीत एकाच आगीला कधी यामाकाजी, कधी शिनरिन कासाइ, तर कधी रिन्या कासाइ म्हटलेलं दिसलं. तिन्हींचं ‘वणवा’ केलं तर चालेल का?
— भाषांतराची विद्यार्थिनी, पुणे

बातमीच्या मथळ्यात चालेल. आकडेवारीत नाही.

यामाकाजी हा बोलण्यातला शब्द. कोशात यामा म्हणजे डोंगर आणि काजी म्हणजे लागलेली आग असं मिळतं, म्हणून पुष्कळजण ‘डोंगराला आग’ लिहून मोकळे होतात. पण खेड्यातला जपानी माणूस सरपणाला ‘यामात’ जातो तेव्हा तो रानात जात असतो. तोक्योभोवतीच्या सपाट मुलखातल्या झाडीलाही जुनी माणसं यामाच म्हणतात. तेव्हा यामाकाजी म्हणजे आपला वणवा, किंवा सरळ ‘रानातली आग’. शिनरिन म्हणजे जंगल, आणि शिनरिन कासाइ हा वर्तमानपत्री आणि अभ्यासकांचा शब्द. रिन्या कासाइ हा सरकारी. त्यातला ‘रिन’ म्हणजे वन आणि ‘या’ म्हणजे माळ, कारण अग्निशमन खातं जंगल आणि गवताळ रान एकत्र मोजतं. तिथे ‘जंगलातील आगी’ लिहिलंत तर माळ गळतो आणि आकडा चुकीच्या गोष्टीला चिकटतो. ‘वनांतील व माळरानांवरील आगी’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा.

याहून मोठी चूक पुढे होते. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस इवाते प्रांतातल्या ओफुनातो शहरालगत लागलेली आग ही जपानमधली गेल्या अर्धशतकातली सर्वांत मोठी. आधी सुमारे २,९०० हेक्टर म्हटलं गेलं, नंतर आकडा ३,३७० हेक्टरवर गेला. ९ मार्चला तिथे ‘चिन्आत्सु’ जाहीर झालं आणि ७ एप्रिलला ‘चिंका’. दोन्हींसाठी ‘आग विझली’ लिहिलं, तर एकच आग महिन्याभराने पुन्हा विझते! चिन्आत्सु म्हणजे आग पसरायची थांबली, आटोक्यात आली. धूर अजून असू शकतो, मुळांत आणि पालापाचोळ्याखाली निखारे असतातच. चिंका म्हणजे पुन्हा पेटण्याचा धोका उरला नाही अशी खात्री करून दिलेली घोषणा. मधले दिवस एकेक बुंधा उकरून पाणी मारण्यात जातात. मराठीत ‘आटोक्यात’ आणि ‘पूर्ण विझली’ ही जोडी तयारच आहे, तीच वापरा.

जपानमध्ये वर्षाला सरासरी १,३००च्या आसपास अशा आगी लागतात, त्यातल्या बहुतेक जानेवारी ते मे या काळात. पॅसिफिककडच्या बाजूला हिवाळ्यात कोरडे वारे वाहतात आणि पानगळ जमिनीवर वाळून पडलेली असते. आपल्याकडे वणव्याचे महिने जवळपास तेच, पण कारण वेगळं. त्यामुळे ‘ऐन उन्हाळ्यात’ असं सवयीने लिहून जाऊ नका.

प्रश्न : आम्ही राहतो तिथल्या नगरपालिकेच्या फलकावर ‘नोयाकि करण्यास बंदी, दंड होईल’ असं आहे. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर आसो इथल्या नोयाकिचं कौतुकाने प्रक्षेपण चालू होतं. हे काय प्रकरण आहे?
— माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातले एक वाचक, योकोहामा

एकाच शब्दात तीन कामं कोंबलेली आहेत. ‘नो’ म्हणजे माळ किंवा उघडं रान, आणि ‘याकि’ आलं ‘याकु’ या क्रियापदावरून. याकुला मराठीत जाळणे म्हणू नका, भाजणे म्हणा, म्हणजे निम्मा गुंता सुटेल. जपानी माणूस मासा याकु करतो, मडकी याकु करतो, माळही याकु करतो. आपणही पापड भाजतो, विटा भाजतो आणि कोकणात राब भाजतो. इतकी नेमकी जुळणी दोन भाषांत क्वचित सापडते.

तर नोयाकि एक : वसंताच्या तोंडाला माळावरचं वाळलेलं गवत भाजणं. आसोमधलं ते हेच. नोयाकि दोन : भट्टी न बांधता उघड्यावर मडकी भाजणं, प्राचीन जोमोन पद्धतीच्या भांड्यांबद्दल वाचताना हा अर्थ भेटतो. नोयाकि तीन : घराच्या मागे, बांधावर किंवा पिंपात कचरा पेटवणं. तुमच्या फलकावरचा अर्थ हा तिसरा. इथे मात्र ‘उघड्यावर कचरा जाळणे’ असंच लिहायचं. एप्रिल २००१पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कचरा-व्यवस्थापन कायद्याच्या कलम १६-२ खाली तो गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ कोटी येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेती-वनीकरणाच्या कामात अपरिहार्य जाळणी, धार्मिक विधी, छोटी शेकोटी यांना सवलत आहे. पण शेजाऱ्याने धुराची तक्रार केली की सवलतीतलं कामही थांबवायला सांगतात. परसातला पालापाचोळा ‘शेतीचं काम’ ठरत नाही हे बऱ्याच नवख्यांना दारात अधिकारी आल्यावर कळतं.

कायद्याला मात्र पहिल्या अर्थासाठी नोयाकि हा शब्द चालत नाही. तिथे ‘हिइरे’ म्हणतात, शब्दशः ‘आग आत घालणे’. वन कायद्याच्या कलम २१नुसार जंगलात किंवा जंगलापासून १ किलोमीटरच्या आत हिइरे करायचं तर स्थानिक नगराध्यक्षाची परवानगी लागते. हाच शब्द साके या तांदळाच्या मद्याच्या कारखान्यातही भेटेल. तिथे हिइरे म्हणजे साके साधारण ६०-६५ अंशांपर्यंत तापवून जंतू मारणं. आसपास तांदूळ आणि पिंप आहेत की गवत आणि परवानगी आहे, ते पाहून ठरवा.

प्रश्न : आसोचं नोयाकि नेमकं कसं करतात? इतक्या मोठ्या माळाला आग लावून ती जंगलात शिरत कशी नाही? त्या कामाचे शब्दही द्यावेत.
— भूगोलाचे शिक्षक, सातारा

आसो हे क्युशू बेटावरचं ज्वालामुखीचं विवर. तिथे सुमारे १६,००० हेक्टर गवत दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजलं जातं. आग लावायचा दिवस एक असतो, पण काम सुरू होतं आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी.

पहिली पायरी ‘वाचि-किरि’. माळ आणि जंगल यांच्या सीमेवर काही मीटर रुंदीचा पट्टा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कापून काढतात. गवत तेव्हा हिरवं असतं, म्हणजे काम करताना आग लागायची भीती नाही. पण चढावर, उन्हात, पाठीवर यंत्र घेऊन केलेलं हे काम सगळ्यांत कष्टाचं. असे पट्टे सगळे मिळून शेकडो किलोमीटर भरतात. दुसरी पायरी ‘वाचि-याकि’. कापलेलं गवत थोडे दिवस वाळू देऊन पट्ट्यातल्या पट्ट्यात भाजून टाकतात. आता सीमेवर जळण्यासारखं काही उरलं नाही. ही ‘वाचि’ म्हणजे आपल्या वन खात्याची जाळरेषा. दुसरा शब्द शोधत बसायची गरज नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष नोयाकि. आधी माळाच्या वरच्या आणि वारा ज्या दिशेला जातो त्या कडेला आग लावतात. ती वाऱ्याविरुद्ध, उताराने खाली, रांगत येते. तिला घाई नसते आणि माणसांना तिच्याबरोबर चालता येतं. अशाने जाळरेषेला लागून काळा पट्टा रुंद होत जातो. तो पुरेसा झाला की खालून पेटवतात. खालची आग चढावर धावत सुटते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. पण वर पोचते तेव्हा तिला खायला काही नसतं. जाळरेषेवर माणसं लांब बांबूची झोडपणी आणि पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन उभी असतात.

बिघडतं कुठे? एक, ज्या तुकड्यात दोन-तीन वर्षं भाजणी चुकली तिथे जुनं गवत साठून ज्वाळा दुपटीने चढतात, आणि नेहमीच्या रुंदीची वाचि अपुरी पडते. दोन, दुपारी वारा फिरतो. तीन, माणूस आगीच्या वर, न भाजलेल्या गवतात सापडतो. जपानमधले नोयाकिचे जीवघेणे अपघात असेच झाले आहेत. २०१० साली फुजी पर्वताच्या पूर्वेला लष्करी सरावभूमीवरच्या नोयाकित तीन स्वयंसेवक दगावले. म्हणून शिकवला जाणारा पहिला नियम असा की पळायचं ते काळ्या, भाजून झालेल्या जमिनीकडे.

हे सगळं करायचं कशासाठी? भाजलं नाही तर झुडपं चढतात आणि काही वर्षांत माळाचं रान होतं. सुसुकि नावाचं उंच गवत मुळातून पुन्हा फुटतं आणि त्यावर तिथल्या तांबड्या गाई चरतात. वाचून कुणाला आपल्या गावचा डोंगर आठवला असेल तर एवढं लक्षात ठेवा : राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६खाली गुन्हा आहे, आणि आपल्या डोंगरावर ना वाचि असते ना माणसं उभी.

प्रश्न : ‘तोबिहि’चा अर्थ कोशात त्वचारोग दिला आहे. आगीच्या बातमीत तो कसा?
— वाचक, कोल्हापूर

तोबिहि म्हणजे उडती ठिणगी. मुख्य आगीपासून उडून पुढे नवी आग लावणारी. लहान मुलांचा संसर्गजन्य फोड एका जागेवरून दुसरीकडे तसाच उडतो म्हणून त्यालाही तेच नाव. घोटाळ्याच्या प्रकरणात दुसऱ्या पक्षाचं नाव निघालं तरी ‘तोबिहि झाली’ म्हणतात. चिनीत ठिणगीला फेइ-ह्वो. त्याला रोगाचा अर्थ नाही.

प्रश्न : चिनीत शान-ह्वो, ये-ह्वो, लिन-ह्वो आणि सन-लिन ह्वो-त्साय यांतला फरक काय? आणि जपानी ‘नोबि’ आणि चिनी ‘ये-ह्वो’ लिहायला एकच आहेत ना?
— चिनी शिकणारे वाचक, मुंबई

चिन्हं तीच, माळ आणि आग. पण दोन्ही भाषांत त्यांची वाट वेगळी झाली आहे. जपानी नोबि म्हणजे वसंतात माळावर दिसणारी आग, बहुधा माणसानेच लावलेली, काव्यात शोभणारी. कॅलिफोर्निया जळालं तर जपानी बातमी नोबि म्हणणार नाही. चिनीत ये-ह्वो हा शब्द थांग काळातल्या बाइ ज्यू-यी या कवीच्या गवतावरच्या कवितेमुळे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो, आणि त्याच वेळी परिसरशास्त्राच्या पुस्तकात रानात आपोआप पसरणाऱ्या आगीसाठीची तीच परिभाषा आहे. म्हणजे एका टोकाला कविता, दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळा, मधला रोजचा वापर कमी.

रोजच्या वापरात शान-ह्वो. हाँगकाँगमध्ये हाच शब्द (कँटनी उच्चार सान-फो), आणि मुख्य भूमीवरची वर्तमानपत्रं परदेशातल्या आगींना बहुतेक वेळा शान-ह्वो म्हणतात. जानेवारी २०२५मधल्या लॉस एंजेलिसच्या आगी तिथे शान-ह्वोच होत्या. लिन-ह्वो हा वनशास्त्राचा आटोपशीर शब्द. त्यात लागलेली आणि मुद्दाम लावलेली दोन्ही येतात, म्हणून त्याला ‘वणवा’ करू नका, ‘वनातील आग’ ठेवा.

सन-लिन ह्वो-त्साय हा कायद्याचा शब्द, आणि त्यातल्या ‘त्साय’ला म्हणजे आपत्तीला मापं आहेत. वनआगप्रतिबंधक नियमांनुसार बाधित वनक्षेत्र १ हेक्टरच्या आत असेल तर ‘सामान्य’, १ ते १०० ‘तुलनेने मोठी’, १०० ते १,००० ‘गंभीर’ आणि त्यापुढे ‘विशेष गंभीर’. (मृत आणि जखमींच्या संख्येवरूनही वर्ग चढतो.) म्हणजे चिनी अहवालात ‘तुलनेने मोठी आग’ आली तर ते लेखकाचं विशेषण नाही, वर्ग आहे. ‘बऱ्यापैकी मोठी’ असं सैल भाषांतर केलं की अहवालाचा अर्थच गेला.

आगीच्या अवयवांचे शब्दही घ्या, कारण चिनी बातमीत ते नकाशासारखे येतात : ह्वो-थोउ म्हणजे आगीचं डोकं, वाऱ्याच्या दिशेला धावणारी बाजू, ह्वो-यी म्हणजे पंख, दोन्ही कडा, ह्वो-वेइ म्हणजे शेपूट. दी-ब्याओ-ह्वो जमिनीवरची, शू-ग्वान-ह्वो झाडांच्या शेंड्यांवरून जाणारी, दी-श्या-ह्वो जमिनीखाली मुळांतून धुमसणारी. ‘मिंग-ह्वो विझली’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी ज्वाळा गेली, एवढंच. जपानी चिंकाशी ते जोडू नका.

आणि ‘अर-हाओ गुंग-जू’ हे ‘दोन नंबरचं हत्यार’ नव्हे, आग झोडपायचं अवजार. जुन्या टायरच्या आतल्या थराच्या २-३ सेंटिमीटर रुंद, ८० ते १०० सेंटिमीटर लांब अशा २०-३० पट्ट्या दीड मीटरच्या दांड्याला रिव्हेटने ठोकलेल्या असतात. एक नंबरचं अवजार म्हणजे ओल्या फांद्यांचा झाडू, आपल्या वनमजुरांच्या हातात असतो तोच. मारायची पद्धत ठरलेली : हलकं उचलायचं, जोरात दाबायचं आणि तिरकं आत, जळालेल्या बाजूला ओढायचं. सरळ वरून धपाधप मारलं की ठिणग्या उडून पाठीमागे पेटतं.

प्रश्न : शेतासाठीच्या जपानी चिन्हात ‘आग’ कशी आली? चिनी मैत्रिणीला ते चिन्हच वाचता आलं नाही.
— वाचक, ठाणे

कारण ते चिनी नाहीच. डावीकडे आग, उजवीकडे शेत. हे चिन्ह जपान्यांनी घरी बनवलं, उच्चार हाताके किंवा हाता. अर्थ कोरडवाहू, पाणी न साठवलेलं शेत. भातखाचरासाठी नुसतं शेताचं चिन्ह पुरतं. आग का, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे रान भाजून केलेलं शेत. चिनी कोशात हे चिन्ह सापडलंच तर जपानी आडनावांपुरतं.

त्या शेतीला याकिहाता म्हणतात, ‘भाजलेलं शेत’. मराठीत त्याला कुमरी लिहा. रायगडकडचे वाचक दळी म्हणतील. राब मात्र लिहू नका. राब हा रोपं तयार करायचा वाफा. दर वर्षी त्याच जागी पाला, शेण, माती रचून भाजायचा आणि मग रोपं उपटून दुसरीकडे लावायची. याकिहातात जागाच फिरते. मियाझाकी प्रांतातल्या शिइबा गावात हे अजून जिवंत आहे : उन्हाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, उताराच्या वरच्या कडेने आग लावून खाली आणतात. पेटवण्याआधी साप, बेडूक, किडामुंगी यांना ‘लवकर बाजूला व्हा’ अशी विनवणी म्हणतात. पहिल्या वर्षी सोबा म्हणजे कुट्टू, राख गरम असतानाच पेरलेला. दुसऱ्या वर्षी बरटीसारखं बारीक धान्य, तिसऱ्या वर्षी आझुकि हे लाल कडधान्य, चौथ्या वर्षी सोयाबीन. मग वीस-तीस वर्षं रानाला परत. शेंगधान्यं शेवटी येतात, कारण तोवर राखेचा जोर ओसरलेला असतो आणि त्यांना तेवढ्यावर भागवता येतं.

मुलखागणिक नावं बदलतात : क्युशूत कोबा, ईशान्येला कानो, कांतोच्या डोंगरात सासु. गावांच्या आणि माणसांच्या नावांत हे शब्द अडकून राहिले आहेत, आणि लिहिताना भलत्याच चिन्हांनी लिहिले जातात. कानोसाठी ‘हरीण’ आणि ‘माळ’ ही चिन्हं दिसली म्हणून तिथे हरणं शोधू नयेत.

चिनीत हीच पद्धत दाओ-गंग ह्वो-चुंग : सुरीने नांगरट, आगीने पेरणी. चार अक्षरांत सगळी शेती. पण आजच्या चिनीत ते बहुतेक वेळा टोमण्यासारखं येतं. एखाद्याची कामाची पद्धत आदिम आहे असं सांगायला. त्या जागी ‘कुमरी’ लिहिलंत तर टोमणा हरवेल. ‘मागासलेली पद्धत’ म्हणा.

प्रश्न : चिनी लेखांत शाओ-ह्वांग, ल्येन-शान, जिये-गान फन-शाओ, जी-ह्वा शाओ-छू असे शब्द आहेत. आमच्या संपादकांनी सगळ्यांना ‘नियंत्रित आग’ केलं. बरोबर?
— अनुवादक, नागपूर

शेवटच्या एकालाच ते लागू पडतं. जी-ह्वा शाओ-छू म्हणजे योजना आखून, वारा-ओलावा पाहून, वाळलेलं गवत आधीच जाळून टाकणं, म्हणजे मोठ्या आगीला खाद्य उरत नाही.

शाओ-ह्वांग म्हणजे पडीक जमीन भाजून वहितीखाली आणणं. हे एकटा शेतकरी करतो, आणि बातमीत हा शब्द येतो तो बहुधा आगीचं कारण म्हणून. जिये-गान फन-शाओ म्हणजे कापणीनंतरचा पेंढा, धसकटं जाळणं. पंजाबातली पराळी किंवा आपल्याकडचं उसाचं पाचट जाळणं. त्यावर चीनमध्ये बंदी आहे, प्रदूषण कायद्यात ५०० ते २,००० युआन दंड लिहिला आहे. बंदीचा शब्द जिन-शाओ गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. एखाद्या गुन्ह्याला ‘नियंत्रित’ हे विशेषण लावणं बरं नव्हे.

ल्येन-शान यात सगळ्यांत मजेचा. शान म्हणजे डोंगर आणि ल्येन म्हणजे धातू गाळून शुद्ध करणं. दक्षिण चीनमध्ये फर वृक्षांची लागवड तोडून झाली की फांद्या-पाला उतारावर पसरून हिवाळ्याच्या सुमारास भाजतात आणि वसंतात नवी रोपं लावतात. फायदा ताबडतोब दिसतो : तण नाही, खड्डे खणायला जागा मोकळी, राखेमुळे रोपं पहिली दोन वर्षं जोमात. नुकसान नंतर दिसतं. नत्र धुरातून उडून गेलेलं असतं, उघड्या उतारावर पहिल्याच मोठ्या पावसात राख आणि वरची माती ओढ्यात जाते, आणि पुढच्या फेऱ्यांत झाड खुरटतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यावर निर्बंध आहेत. मराठीत ‘लागवडीसाठी डोंगर भाजणे’ पुरेल. ‘शुद्धीकरण’ नको.

प्रश्न : ‘मुकाइबि’चं भाषांतर मी ‘पितरांच्या स्वागताचा दिवा’ असं केलं. संपादक म्हणतात आगीने आग विझवण्याचा प्रसंग आहे. कोण बरोबर?
— वाचक, पणजी

संपादक. तुमच्या मनात होतं ते ‘मुकाएबि’, ओबोनच्या सणात दारात लावायचं. एका स्वराचा फरक. मुकाइबि म्हणजे समोरून येणाऱ्या आगीला सामोरी लावलेली आग. वन खात्याची माणसं ‘काउंटर फायर’ म्हणतात.

शब्द जुना आहे. कोजिकी या ७१२ सालच्या जपानी पुराणग्रंथात राजपुत्र यामातो ताकेरूला कपटाने माळात नेऊन गवत पेटवून देतात. तो मावशीने नव्हे, आत्याने दिलेली थैली उघडतो (मराठीत हे सांगता येतं, इंग्रजीतून आलेल्या भाषांतरांत नातं नेहमी घसरतं), तलवारीने भोवतीचं गवत कापतो, थैलीतल्या चकमकीने मुकाइबि लावतो आणि आग मागे रेटतो. आधी कापणी, मग सामोरी आग. आजही क्रम हाच आहे. कोजिकी ही जागा सागामी प्रांतात सांगते, निहोन शोकी हा दुसरा जुना ग्रंथ सुरुगात. शिझुओकातलं आजचं याइझु हे गाव त्या ‘भाजण्या’चं नाव बाळगून आहे.

चिनीत ‘ई ह्वो गुंग ह्वो’, आगीने आगीवर हल्ला. ऑगस्ट २०२२मध्ये चोंगचिंगच्या बेइबेइ भागात, जिन-युन डोंगरावर, आधी झाडं तोडून पट्टा काढला, मोटारसायकलस्वारांनी चढावर सामान पोचवलं आणि २५च्या रात्री पट्ट्याच्या कडेने सामोरी आग लावली. दुसऱ्या सकाळपर्यंत तिथली मिंग-ह्वो गेली होती. हे जमतं कारण मोठी आग आपल्या बुडाशी हवा ओढून घेते. ती पुरेशी जवळ आली की मधली हवा तिच्याकडे वाहू लागते आणि लावलेली आग आपसूक तिकडे खेचली जाते. लवकर लावली तर वारा तिला तुमच्याच अंगावर आणतो. उशिरा लावली तर जळून रिकामा व्हायला पट्टाच मिळत नाही.

प्रश्न : झाडांखाली आग असं चिनी चिन्ह ‘फन’ आणि जपानी ‘ताकु’ दोन्हीकडे आहे. अर्थ एकच का?
— वाचक, बेळगाव

मुळात दोन झाडं आणि खाली आग. प्राण्यांना बाहेर काढायला रान पेटवायचं, शिकारीसाठी. ‘रान जाळून शिकार’ ही चिनी म्हण आजही उद्याचं न पाहणाऱ्याला लावतात. आधुनिक चिनीत फन म्हणजे जाळून टाकणं : पेंढा, कागद, प्रेत, उदबत्तीलाही चालतं. जपानीत ताकु फार घरगुती : आंघोळीचं पाणी तापवणं, धूप लावणं, शेकोटी. शेकोटी म्हणजे ताकिबि. आता गंमत पाहा : जपानमधल्या वणव्यांच्या ज्ञात कारणांत पहिला क्रमांक या घरगुती ताकिबिचा आणि दुसरा हिइरेचा.

प्रश्न : हायकूत यामाकाजी वापरला तर ऋतू कोणता मानायचा?
— हायकू लिहिणाऱ्या वाचक, डोंबिवली

हिवाळा. काजी हा हिवाळ्याचा ऋतुशब्द (हायकूत ऋतू सुचवणारा शब्द) आणि यामाकाजी त्याच्याच पोटात येतो. नोयाकि, यामायाकि, बांध भाजण्याचं आझेयाकि, नोबि आणि यामाबि हे सगळे वसंताचे. डोंगर आणि आग तीच, पण यामाकाजीत घर जळण्याचा धसका आहे, यामाबित पुढच्या गवताची चाहूल. भाजून झाल्यावर उरलेल्या काळ्या माळालाही शब्द आहे, सुगुरो : टोकं काळी पडलेली गवताची खुंटं. शिरीष पै यांच्यापासून मराठीत हायकू रुजला, पण सुगुरोला जोडशब्द अजून मिळालेला नाही. ‘करपट माळ’ कसा वाटतो, कळवा.

प्रश्न : ‘वणव्यासारखी बातमी पसरली’ला या भाषांत काय म्हणतात?
— वाचक, नांदेड

चिनीत ल्याओ-युएन, माळ जाळत जाणारी आग. जपानीत र्‍योगेन नो हि. मूळ शांग-शू या प्राचीन ग्रंथातलं, आणि ‘एक ठिणगी माळ पेटवू शकते’ हा माओच्या १९३०च्या पत्रामुळे गाजलेला वाक्प्रचारही तिथूनच निघालेला. इथे मात्र ‘वणवा’ डोळे मिटून लिहा.

प्रश्न : जपानमध्ये फिरताना डोंगरावर आग दिसली तर फोनवर काय बोलायचं?
— पर्यटनाला निघालेलं जोडपं, औरंगाबाद

११९ फिरवा. पलीकडून पहिला प्रश्न येईल, ‘काजी देसु का, क्युक्यु देसु का?’, म्हणजे आग की रुग्णवाहिका. ‘काजी देसु’ म्हणा, मग ‘यामा गा मोएते इमासु’, रान जळतंय. ‘मोयाशिते इमासु’ म्हणू नका. त्याचा अर्थ कुणीतरी जाळतंय असा होतो, आणि मग आधी ‘कोण?’ ते विचारतील. नंतर जवळचा रस्ता किंवा खांबावरचा क्रमांक वाचून दाखवा. चीनमध्ये वनआगीसाठी १२११९ आणि वाक्य ‘शान-शांग चाओ-ह्वो ल’. महाराष्ट्रात वन खात्याचा क्रमांक १९२६, तिथे मराठीतच बोला.